उतारी कुणाची?

पत्त्यांच्या जुन्या कॅटमधलं एखादं पान हरवलेलं असतंच. ते कुठे गेलं हे शोधण्यात अर्थ नसतो. आमच्या घरच्या कॅटमधून चौकटची नव्वी गेली होती, आणि तिच्या जागी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून घातलेला होता. पुढच्या बाजूला लाल बॉलपेननं काढलेल्या नऊ चौकटी, मागच्या पिवळट बाजूवर कात्रीत अर्धं सापडलेलं ‘आपले कृपाभिलाषी’. त्यामुळे नव्वी कुणाच्या हातात आहे हे अख्ख्या घराला दिसायचं. म्हणजे चौकटची उतारी झाली तर हा माणूस कापू शकणार नाही, हेही उघड. आत्याकडे हे पान आलं की ती पहिल्या संधीला ते टाकून मोकळी व्हायची. काका मात्र ते शेवटपर्यंत जपून ठेवायचे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गुपिताचाही काही उपयोग करून घेता येईल, अशी त्यांना आशा असावी. नवा कॅट काही महाग नव्हता. पण तो आणावा असं कुणी सुचवल्याचं मला आठवत नाही. त्या एका पानामुळे आमचा मेंढीकोट शेजारच्यांच्या मेंढीकोटाहून वेगळा झाला होता.

डाव मांडला जायचा रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. सतरंजी अंथरायची आणि पंखा बंद करायचा, कारण वाऱ्यानं पानं उलटतात. ऐन मे महिन्यात, बंद पंख्याखाली, चार मोठी माणसं घाम पुसत बसलेली आणि आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागे उभी राहून हातातली पानं बघतोय. बघायला परवानगी होती, बोलायला नव्हती. एकाची पानं बघून दुसऱ्याच्या पाठीमागे गेलं की ओरडा बसायचा. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: मेंढी म्हणजे दश्शी. समोरासमोर बसलेले दोघं एका बाजूचे, आणि चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट. कोट चढला की हरलेल्या जोडीतल्या एकानं उठून सगळ्यांचा चहा टाकायचा, असा आमच्याकडचा नियम. काकांनी चहा केल्याचे जे काही प्रसंग मला आठवतात, ते सगळे मेंढीकोटाच्या हिशेबातले आहेत. एरवी त्यांना साखरेचा डबा कुठे असतो हे माहीत नव्हतं.

आमचा, म्हणजे पोरांचा, या खेळात प्रवेश व्हायचा तो कच्चं लिंबू म्हणून. कुणीतरी डुलकी काढायला गेलं, कुणाला पाहुणे आले, की चौथा हात कमी पडायचा आणि मग पाठीमागच्या गर्दीतून एकाला पुढे ओढलं जायचं. तेरा पानांचा पंखा धरणं हे लहान बोटांचं काम नाही. म्हणून उशी उभी करून तिच्या आड पानं मांडायची आणि एकेक उचलून खेळायची. चुकलं तर एकदा माफ. जिंकलो तर श्रेय जोडीदाराचं, हरलो तर तेही जोडीदाराचंच. कच्च्या लिंबाचा हिशेब कुणी ठेवत नसे, पण उतारी आपली असली की बाकी तिघांच्या नजरा आपल्या हाताकडे लागलेल्या असत. एरवी घरात ‘मध्ये बोलू नकोस’ एवढंच ऐकणाऱ्या पोरासाठी ही केवढी गोष्ट होती! आपण पान टाकेपर्यंत बाबांनाही थांबावं लागतं.

आज मागे वळून पाहताना एक गोष्ट लख्ख दिसते. त्यातलं काहीही आमच्यासाठी म्हणून चाललेलं नव्हतं. मुलांना वेळ द्यावा, त्यांची स्मरणशक्ती वाढावी, म्हणून कुणी सतरंजी अंथरली नव्हती. मोठ्यांना खेळायचं होतं. तो त्यांचा हट्ट होता, त्यांची चैन होती. आम्ही नुसतेच त्या चैनीच्या आसपास होतो.

ही रविवारची दुपारही, खरं तर, कुणीतरी मिळवून दिलेली आहे. गावाकडे आठवड्याची मोजदाद बाजाराच्या वारावर चालायची. रविवार हा खंडोबाचा वार, पण म्हणून शेत थांबत नसे. मुंबईच्या कापड गिरण्यांत तर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, त्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या त्यांत आठवड्याला एक सुट्टी ही एक होती. गिरणीमालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. त्या पहिल्यावहिल्या सुट्टीत गिरणगावातल्या माणसांनी काय केलं असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. बरेचसे झोपले असतील. काहींनी कपडे धुतले असतील, काहींनी गावाकडे पत्रं लिहून घेतली असतील. आणि चाळीच्या गॅलरीत कुणीतरी खडूनं पाच बाय पाचची घरं आखून चिंचोके टाकले असतीलच, असं मला आपलं वाटतं. पुरावा काही नाही. पण मोकळा वेळ आणि जमिनीचा सपाट तुकडा एकत्र आला की माणूस पट आखतो.

चिंचोक्यांवरून आठवलं. चल्लस-आठ खेळायला कवड्या नसल्या की चिंचोके फोडायचे. चिंचोका दगडावर घासून घासून एका बाजूनं पांढरा करायचा किंवा अडकित्त्यानं दोन फाकी करायच्या. पांढरी बाजू आणि काळी बाजू. घासताना बोटांची सालं निघायची आणि चिंचोका चांगलाच तापायचा. तो तापलेला चिंचोका पाठमोऱ्या भावंडाच्या दंडाला लावणं हा वेगळाच खेळ. मुख्य खेळापेक्षा ही तयारीच मला जास्त आठवते. बोर्ड विकत आणला की ही निम्मी मजा दुकानातच राहते.

मोठ्यांचा खेळ आणि त्याच्या आजूबाजूची पोरं, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात देखणं चित्र दगडात आहे. वेरूळला शंकर-पार्वती सारीपाट खेळतानाचं शिल्प एकाहून अधिक लेण्यांत सापडतं: ‘रावण की खाई’ म्हणतात त्या १४ क्रमांकाच्या लेण्यात, २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात, आणि २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात. कैलास बघून दमलेले प्रवासी तिथपर्यंत पोहोचत नाहीत, हे त्या शिल्पांचं दुर्दैव म्हणा की सुदैव. डाव रंगलेला आहे. पार्वती उठून जायच्या बेतात आहे आणि शंकर तिला थोपवतो आहे. त्याला अजून एक डाव हवा आहे. हरणाराच नेहमी अजून एक डाव मागतो, हे शिल्पकाराला पक्कं ठाऊक होतं. आणि खाली, त्यांच्या पायाशी, गणांचा धिंगाणा: मध्ये बिचारा नंदी आणि भोवती त्याला छळणारी बुटकी, ढेरपोटी मंडळी. वरच्या दोघांचं तिकडे लक्षच नाही. मला त्या शिल्पातलं देवत्व जाणवत नाही. जाणवते ती रविवारची दुपार. आईवडील पटावर, पोरं खाली बैलाच्या मागे. कुणी कुणाची करमणूक करत नाहीये, आणि सगळ्यांची करमणूक चालली आहे.

कलाकुसरीचंही असंच होतं. तेव्हा आमच्याकडे त्याला कला वगैरे कुणी म्हणत नसे. आत्या फुटक्या बांगड्यांचं तोरण करायची. वर्षभर फुटलेल्या बांगड्या एका डब्यात जमायच्या. कासाराकडे बांगड्या भरायला गेलं तर त्याच्याकडच्या काचाही मागून आणायच्या. मग एखाद्या रविवारी मेणबत्ती पेटवून ती बसायची. बांगडीचा तुकडा दोन्ही टोकांना धरून मधोमध ज्योतीवर धरायचा. काच लाल होते, मऊ पडते, आणि नेमक्या त्या क्षणी टोकं एकमेकांकडे आणायची. घाई केली तर कडकन मोडते, उशीर केला तर बोट भाजतं. टोकं जुळली की डोळ्याच्या आकाराची कडी तयार. पुढचा तुकडा त्या कडीत ओवूनच तापवायचा, म्हणजे साखळी होते. काजळी धरलेल्या कड्या नंतर पुसून घेतल्या की हिरवा, लाल, मोरपंखी रंग पुन्हा वर यायचा.

आमचं काम रंग निवडून ढीग लावण्याचं. मेणबत्तीजवळ यायला सक्त बंदी. आम्ही ढीग लावता लावता काचापाणी खेळायला लागायचो, म्हणजे काचा पसरायच्या आणि दुसरीला धक्का न लावता एकेक बाहेर काढायची. मग आत्या ओरडायची, कारण रंग पुन्हा मिसळायचे. पुढे कधीतरी, विशेष काही न बोलता, तिनं माझ्या हातात एक तुकडा दिला आणि मेणबत्ती माझ्याकडे सरकवली. त्या कडीचा आकार काही धड नव्हता. ती साखळीत गेली मात्र.

आता शनिवार-रविवारला वीकेंड म्हणतात आणि मुलांसाठी ‘अॅक्टिव्हिटी’ असते. देखणा खोका येतो. त्यात बेतून कापलेले कागद, मोजून दिलेला डिंक, आकडे घातलेले रंग आणि शेवटी काय तयार व्हायला हवं त्याचा फोटो. मला या खोक्यांचा तिटकारा नाही. पावसाळी दुपारी, दोघंही नोकरी करणाऱ्या, दमलेल्या आईबापांच्या घरी असा खोका म्हणजे मोठा आधार असतो, आणि तो करणाऱ्यांनी डोकं चालवलेलं असतं. पण त्या खोक्याभोवती घर कसं बसलेलं असतं ते एकदा बघा. मूल खाली बसलेलं. आई किंवा बाबा शेजारी, खुर्चीवर किंवा सोफ्याच्या कडेवर, पुढे झुकून. ‘अरे, रेषेच्या बाहेर चाललंय. आधी पिवळा लाव. वा, छान!’ मध्येच हातातल्या फोनवर एक नजर. पूर्ण झालं की फोटो, आणि फोटो लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर. मोठा माणूस तिथे हजर आहे, पण डावात नाही. त्याच्यावर राज्य येत नाही, त्याचं काही हरत नाही, त्याचं चित्र बिघडत नाही. आमच्या वेळी कच्चं लिंबू लहान मुलं असायची. आता ती जागा मोठ्यांनी घेतली आहे.

मुलांना हे कळतं. शेजारी बसलेला माणूस खेळतो आहे की लक्ष ठेवतो आहे, हे त्यांना आपल्याआधी समजतं. म्हणून तर ‘तू पण कर ना’ अशी भुणभुण चालते, आणि आपण म्हणतो, ‘तू कर, मी बघतेय.’

पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं जी खेळणी केली, ती मला या खोक्यांच्या अगदी उलट टोकाची वाटतात. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर टेल्कोत ट्रक बांधत होता. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि तिथल्या आठवडी बाजारात जे स्वस्तात मिळेल त्यातून खेळणी बनवायला लागला. सायकलच्या व्हॉल्वला लागते ती बारीक रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या, एवढ्यावर त्यांनी एक सगळी भूमिती उभी केली. नळीच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरका होतो. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणी का असतात हे पुस्तकात वाचून कळतं, पण तो चौकोन आपल्या बोटांखाली कलंडला की ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांच्या कामात सर्वात महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा स्वतःचा आनंद. चित्रफितीत पाहा, खेळणं फिरायला लागलं की समोरच्या मुलांआधी यांचा चेहरा फुलतो. मुलांसाठी म्हणून आणलेला उत्साह असा दिसत नाही.

भाचा राहायला आला की मी त्याच्याशी दोऱ्याचं चित्र काढते. म्हणजे, त्याचं तो काढतो, माझं मी. शिवणाचा दोरा शाईत बुडवायचा, कागदाच्या अर्ध्या भागावर वाकडातिकडा ठेवायचा, एक टोक बाहेर. कागद मिटायचा, वरून तळहात दाबून धरायचा आणि टोक धरून दोरा सरकन ओढायचा. उघडल्यावर काय निघेल ते कुणाच्याच हाती नसतं. कमळ निघतं, वटवाघूळ निघतं, कधी नुसताच डाग. या चित्राची मोठी सोय अशी की त्यात मोठ्या माणसाला काहीही जास्त येत नाही. माझी चाळीस-बेचाळीस वर्षांची जाण आणि त्याची सात वर्षांची जाण, दोघींची किंमत एकच. गेल्या खेपेला त्याचं फुलपाखरू निघालं आणि माझं फरशी पुसायचं फडकं. तो बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मावशी, तू दोरा फार घाबरत ओढतेस.’ मला आजवर मिळालेल्या कलासमीक्षेत ही फार वरची आहे.

बाकी हरण्याजिंकण्याचं प्रकरण नाजूक. मुलांना मुद्दाम जिंकू द्यावं की नाही, यावर घराघरांत दोन पक्ष असतात. आमच्या आजीचा पक्ष स्पष्ट होता. ती बदामसातला इस्पिकची छक्की अडवून बसली की समोर नातवंड रडकुंडीला आलं तरी सोडायची नाही. ‘पास म्हण,’ एवढंच. त्या वेळी ती दुष्ट वाटायची. पण तिच्याविरुद्ध एखादा डाव जिंकला की तो खरा असायचा, आणि तिच्या कपाळावरची आठीही खरी असायची. उलट आमचे एक दूरचे मामा हरण्याचं सोंग करायचे. इतकं वाईट करायचे की आम्ही त्यांच्याशी खेळायला नको म्हणायचो. मुंबईतल्या खाडिलकरांच्या घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनी, १९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दहा वर्षांत, विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. त्या घरी पटावर कुणी कुणाला वयाची सवलत देत असेल, असं मला वाटत नाही.

फसवाफसवीचा खेळ तर मोठ्यांशिवाय रंगतच नाही. ‘चॅलेंज’मध्ये पानं पालथी टाकून ‘तीन राण्या’ असं तोंड वर करून सांगायचं असतं. खोटं पकडलं गेलं तर सगळा ढीग उचलायचा. आमच्या ओळखीचे एक मुख्याध्यापक या खेळात इतक्या शांतपणे खोटं बोलायचे की त्यांच्या शाळेतल्या मुलांनी ते पाहिलं असतं तर परिपाठाचं कठीण झालं असतं. मोठ्या माणसाला लुच्चेगिरी करताना बघणं, त्याला रंगेहाथ पकडणं आणि त्यानं मुकाट्यानं ढीग उचलणं, हे बालपणीचं सुख दुसऱ्या कशातून मिळत नाही. घरातल्या मानाच्या उतरंडी तेवढा वेळ सतरंजीखाली जातात.

असे किती खेळ मोठ्यांनी सोडले आणि म्हणून ते संपले! सावंतवाडीचा गंजिफा घ्या. बाबरानं १५२७ मध्ये सिंधकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे दक्षिणेत त्याला दशावताराचं रूप आलं. गोल, हातानं रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली १२० पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या अवतारांत दहा मोठा, तर उरलेल्यांत एक मोठा, म्हणजे कुणाचं काय वरचढ हे डोक्यात ठेवतानाच घाम फुटावा. आणि सगळ्यात सुंदर नियम असा की दिवसा खेळायला बसलात तर सुरुवात रामाकडून, रात्री बसलात तर कृष्णाकडून. पान टाकण्याआधी खिडकीतून बाहेर बघायला लावणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

ही कला विझायला आली असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. आजही तिथे दरबार हॉलमध्ये चित्रकार मांडी घालून पानं रंगवताना दिसतात. गंजिफा विकत घेणारेही आहेत. पण घेतलेला संच बहुतेक घरांत काचेच्या कपाटात जातो किंवा चौकटीत बसून भिंतीवर लागतो. रंगवणारे वाचले ही मोठीच गोष्ट. पण ‘कृष्णाची उतारी’ म्हणत तिघंजण फरशीवर बसलेत, असं घर शोधायला जावं लागेल. खेळ हा रंगवून टिकत नाही. त्याला हरणारं कुणीतरी लागतं.

मात्र सगळंच हरवत चाललंय असा गळा मी काढणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये दारं बंद झाली तेव्हा माळ्यावरचे कॅरम खाली आले, बोरिक पावडर नाही म्हणून टाल्कम पावडर शिंपडली गेली, आणि काही घरांत ते बोर्ड अजून खाली आहेत. ओळखीतल्या एक आजी दर रविवारी न्यू जर्सीतल्या नातीशी व्हिडिओ कॉलवर नाव-गाव-फळ-फूल खेळतात. तिकडे शनिवारची रात्र असते. दोघींच्या हातात वही, दोघींची वही पालथी, आणि ‘ब’ आला की भांडण ठरलेलं. नातीनं गाव लिहिलं बॉस्टन, फळ लिहिलं ब्लूबेरी. आजींनी ब्लूबेरीचे दहा गुण दिले. बॉस्टनला मात्र शून्य. ‘ते शहर आहे. गाव सांग, गाव.’ नात म्हणाली, मग तुझं बारामती? त्यावर आजींनी कॉल खराब झाल्याचं कारण सांगून दोन मिनिटं वेळ काढला. या वादात कुणाला तरी भाषा शिकवली जात असेल, संस्कार होत असतील. आजींच्या ते गावीही नसतं. त्यांना जिंकायचं असतं.

म्हणून मला विचाराल तर येत्या रविवारी मुलांना खेळवायला बसू नका. स्वतः खेळायला बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पंखा बंद करा. घरात तीनच माणसं असतील तर पाच-तीन-दोन मांडा. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पानं बाजूला काढायची, सत्त्यांपैकी बदाम आणि इस्पिक तेवढ्या ठेवायच्या. ३० पानं उरतात, प्रत्येकाला १०. आधी पाच-पाच वाटून हुकूम विचारायचा. वाटणाऱ्यानं दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्यानं पाच, उरलेल्यानं तीन. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून पुढच्या डावात तेवढी पानं न बघता ओढून घ्यायची, आणि तो आठ वर्षांचा असला तरी एकही सोडायचं नाही.